कच्चं, पक्कं आणि डिफॉल्ट

३ फेब्रुवारी, मंगळवार

काम गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच गळा पुढे केला. आजच्या ऑनलाइन बैठकीत घड्याळजींनी विचारलं, "मग हे कोण घेतंय?" आणि पडद्यावरचे तेवीस चेहरे एकदम टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. मी म्हटलं, मी घेते.

घड्याळजी म्हणजे आमच्या डिस्ट्रोची प्रत्येक आवृत्ती वेळेवर बाहेर काढणारा गृहस्थ. खरं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

जेवताना ताईने विचारलं, "एवढा चेहरा फुलवून बसलीस, झालंय काय?" तिला जे सांगितलं ते लिहून ठेवते, कारण पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मला ते धड सांगता आलं. आमची लिनक्सची एक फुकट मिळणारी मांडणी आहे, म्हणजे डिस्ट्रो. तिच्यात चार हजार दोनशे प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोग्रॅम लोकांच्या मशिनवर नीट बसावा म्हणून आम्ही नव्वद स्वयंसेवक त्याचं पॅकेज बांधतो. एकेका पॅकेजच्या कामाच्या समांतर प्रती असतात, त्या ब्रँच. एकीवर नवं काम, दुसरीवर जुन्याची डागडुजी, असं. कुणीही पॅकेज उतरवून घेतलं की त्यातली एक ब्रँच न विचारता आपोआप उघडते. ती डिफॉल्ट. आमच्याकडे या डिफॉल्ट ब्रँचची सतरा नावं आहेत आणि सतरा तऱ्हा. नवा माणूस हौसेने येतो, भलत्याच ब्रँचवर आठवडाभर राबतो, मग कुणीतरी त्याला सांगतं की हे इथे नव्हतं करायचं. तो पुन्हा दिसत नाही.

ताई म्हणाली, "म्हणजे दारातून आत आल्यावर पहिलं पाऊल कुठल्या खोलीत पडायचं, एवढंच ठरवायचंय ना? त्याला दोन महिने?"

तिला नर्सची नोकरी आहे. तिच्याकडे एवढ्या वेळात माणसं मरतात आणि जन्मतात. पण मी ठरवलंय. दोन महिन्यांत सगळीकडे एकच डिफॉल्ट. नाव लेटेस्ट. त्यात जे असेल तेच लोकांच्या मशिनवर जाणार. भिजत पडलेलं हे घोंगडं मीच पिळून वाळत घालणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रस्ताव काल सगळ्यांना पाठवला. सकाळपर्यंत एकवीस उत्तरं. चौदा जण खूश, सहा जणांना नाव आवडलं नाही (नावावर काथ्याकूट झाला नाही तर आमच्याकडे कुणाला चैन पडत नाही), आणि एक उत्तर मास्तरांचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आलेलं. पूर्ण उत्तर असं:

नको.

बस. वर "नमस्कार" नाही, खाली नाव नाही.

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नाही; ते पाणीपुरवठ्याच्या पंपांवर होते. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना पॅकेज बांधायला त्यांनीच शिकवलं, मलाही. मी पाठवलेलं पहिलं पॅकेज त्यांनी सात वेळा परत केलं होतं आणि सातही वेळा पानभर लिहून. शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: आता फक्त एवढंच राहिलं. तो माणूस आज मला एक शब्द लिहितो. त्यांच्याकडे त्रेसष्ट पॅकेजं आहेत, छपाईची आणि कीबोर्डची. ती सोडून पुढे जाता येत नाही.

मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला.

७ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांना काल मी तीन प्रश्न वेगवेगळे पाठवले. प्रस्तावातलं काय नको आहे? त्यांच्या त्रेसष्ट पॅकेजांमध्ये डिफॉल्ट ब्रँचचं नाव चक्क "कच्चं" आहे आणि दुसरीचं "पक्कं", ते तसंच ठेवायचं आहे का? आणि आपण फोनवर बोलायचं का?

आज सकाळी सात-दहाला तिन्हींना एकच उत्तर. नको. नको. नको.

आणि संध्याकाळी सहाला त्याच पत्त्यावरून तीन परिच्छेद! स्वल्पविराम, अर्धविराम जिथल्या तिथे. मुद्दा असा, की ज्या ब्रँचवर माणूस रोज काम करतो तीच आपोआप उघडली पाहिजे, आणि जी लोकांकडे जाते ती वेगळी असावी, ती दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून गेल्याशिवाय जाऊ नये. कामाची जागा आणि पाठवायची जागा एक केली तर प्रत्येक चूक थेट दारात जाऊन उभी राहील. शेवटी: "तुमचा मसुदा मी उद्या पुन्हा बघते."

बघते? मास्तर हल्ली घाईत टाइप करतात. पूर्वी त्यांची एक मात्रा चुकायची नाही.

मुद्दा पटण्यासारखा नाही. प्रत्येक पॅकेजला दुसरी नजर आणायची कुठून? नव्वद माणसं, चार हजार पॅकेजं. पण एक मात्र खरं, सकाळी हा माणूस एक असतो आणि संध्याकाळी दुसराच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताईला मास्तरांच्या दोन्ही मेल वाचून दाखवल्या, नक्कल करून. सकाळचा मास्तर आणि संध्याकाळचा मास्तर. मला वाटलं ती हसेल.

ती म्हणाली, "सगळ्याला नकोच म्हणतो? कधीपासून?"

"असेल वर्षभर. आधी मेलच कमी झाल्या, मग अशा."

"माणूस बरा आहे ना गं?"

"बरा? अगं, ठणठणीत. रोज सातला कामाला हजर असतो, नोंदी दिसतात ना. हट्ट आहे नुसता. वय झालं की माणूस जास्तच ताठर होतो."

ताई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात घड्याळजींचा फोन आला. ते म्हणाले, आवृत्ती गोठवायला, म्हणजे बदल बंद व्हायला, दोन महिने आहेत, तोवर निकाल लागला नाही तर हा विषय पुढच्या वर्षावर जाईल. मी म्हटलं, जाणार नाही.

बदल करणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. तिचं नाव ठेवलं कारकून. कारकून पॅकेज उघडतो, डिफॉल्ट ब्रँच कोणती ते बघतो, तिला लेटेस्ट नाव देतो आणि पाठवणीच्या रांगेत लावतो. तक्रार नाही, फाटे फोडणं नाही. असा सहकारी हवा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तीन हजार आठशे पॅकेजांच्या मालकांची संमती आली. उरलेल्यांना रोज एकेक करून गाठतेय. एकाने लिहिलं, "तुम्ही माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळा आठवण करून देता." हे कौतुक समजायचं ठरवलं आहे.

आज जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "ताईंचं अभिनंदन सांगा हं, आता वॉर्डाच्या प्रमुख झाल्या." मी हो हो म्हटलं. वर येऊन ताईला विचारलं. बढती मिळून नऊ दिवस झाले.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तुझा फोन वाजला."

वाईट वाटलं. रविवारी तिला बाहेर जेवायला नेणार आहे. नक्की.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारी जमलं नाही, कारकूनमध्ये चूक सापडली होती. पुढच्या रविवारी.

आता फक्त मास्तरांची त्रेसष्ट राहिली. नियमात तरतूद आहे: मालकाने एकवीस दिवसांत मुद्देसूद आक्षेप घेतला नाही, तर संयोजकाला, म्हणजे मला, पुढे जाता येतं. संध्याकाळच्या मेल मुद्देसूद आहेत, हे मला दिसतंय. पण सकाळच्या "नको"ला मुद्दा म्हणायचं का? मी शेवटचं स्पष्ट विचारलं, "माझ्या बदलामुळे तुमचं काम अडेल का?" सकाळी उत्तर: नको. प्रश्नाला धड उत्तरही नाही ते!

म्हणजे तेच स्वतःच्या विरोधाची थट्टा करताहेत. मी किती दिवस आदर म्हणून थांबायचं? एकवीस दिवस आज संपले. दुपारी कारकूनला त्रेसष्ट पॅकेजांवर सोडलं. अठरा मिनिटांत काम फत्ते. चार हजार दोनशेपैकी चार हजार दोनशे.

 

२५ फेब्रुवारी, बुधवार

नऊ वाजता ऑफिसात पोचले. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची; मी तिथली कॉम्प्युटरं सांभाळते. सगळ्या मशिनवर आमचंच डिस्ट्रो बसवलंय, आणि तेही रोज ताजं होणारं. हे मी मोठ्या तोऱ्यात केलं होतं.

तक्रारी घेणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा पासवर्ड चालत नाही." शेजारची म्हणाली, माझाही. मी माझ्या मशिनवर बसले. माझाही नाही. दहा मिनिटं तर मी स्वतःचीच बोटं तपासत होते. मग कळलं: कीबोर्डच्या पॅकेजमधल्या एका यादीत ओळींची उलथापालथ झाली होती. बोट एका कळीवर, उमटणार दुसरंच अक्षर. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके, त्यामुळे कुणाला दिसतच नव्हतं की आपण काय लिहितोय.

ते कीबोर्डचं पॅकेज मास्तरांचं. कारकूनने काल कच्चं ब्रँच जशीच्या तशी लेटेस्ट केली आणि रात्रीतून ती हजारो मशिनवर गेली.

आमच्या तक्रारींचा फलक दोन तास बंद. त्या दोन तासांत एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक बाई, कडेवर तान्हं मूल. त्यांनी बटण दाबलं, तक्रार आमच्याकडे आली, पण पडद्याला कुलूप. शेवटी रखवालदाराने स्वतःच्या मोबाइलवरून आमच्या मिस्त्रीला गाठलं. पन्नास मिनिटं. दोघं सुखरूप. मिस्त्री परत आला तो माझ्या टेबलापाशी थांबला. "बाई ओरडल्या नाहीत," म्हणाला, "बाळ झोपलं होतं म्हणून." आणि निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरा वाजता मास्तरांच्या पत्त्यावरून मेल. भर दिवसा, तीही संध्याकाळच्या पद्धतीची: "पक्कं ब्रँचवर ही यादी बरोबर आहे, लगेच तीच पाठवा. चूक आमच्याकडून झाली, ती मी कालच पकडली होती, पण तुम्ही पक्कं बघितलंच नाही." पक्कं उघडलं. खरंच बरोबर होती. बारापर्यंत पाठवली, एकपर्यंत जगभर सगळं सुरळीत.

आमच्याकडून, म्हणे. मास्तर स्वतःला आदरार्थी बोलायला लागले की काय!

प्रकल्पाला झाल्या प्रकाराचा अहवाल पाठवला. त्यात लिहिलं: "डिफॉल्ट ब्रँचवर सदोष काम ठेवल्यामुळे हे घडलं." ते खोटं नाही. तरी पाठवल्यावर पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांना लिहिलं, आता मेल पुरे. फोन नको असेल तर मी येते.

सकाळी: नको.

संध्याकाळी: "या. शनिवारी सकाळी सातच्या आत पोचता आलं तर बघा. सकाळचं बघितल्याशिवाय तुम्हाला संध्याकाळचं समजणार नाही."

२८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेची बस, तीन तास. तिसऱ्या मजल्यावर दार. एका बाईंनी उघडलं. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, कानावर तांबडी पेन्सिल.

"आलात? या. आत्ताच बसलेत."

खिडकीपाशी टेबल. मास्तर बसले होते, मला पाठमोरे. उजवा हात मांडीवर, ठेवून दिलेल्या वस्तूसारखा. डावा कीबोर्डवर. पावलं ऐकून ते वळले, मला ओळखलं, आणि अर्धा चेहरा लख्ख हसला. उरलेला अर्धा नाही. डाव्या हाताने खुर्ची माझ्याकडे ओढत म्हणाले, "नको, नको, नको!"

लहान मूल दारात आलेल्या मावशीला "ये, ये, ये" म्हणतं ना, अगदी त्या सुरात.

मी बसले.

त्या बाईंनी, मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी, चहा ठेवला आणि शांतपणे सांगितलं. अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. एक उरला. पाणी हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच. "सुरावरून मला कळतं. मेलमध्ये सूर कुठून येणार? लिहायला गेले तरी हाताखाली तोच येतो."

"मी त्यांना विचारलं होतं, तुमचं काम अडेल का," मी म्हटलं.

"हो. त्या दिवशी दोनदा टेबलावर हात आपटला त्यांनी. मी संध्याकाळी लिहिणार होते. पण दुपारीच तुमचं सगळं होऊन गेलं होतं."

मास्तर काम करत होते. डावा हात दोन कमांड टाइप करायचा, पॅकेज उघडायचं, ते ओळी बघायचे आणि बदल करायचे. आकडे त्यांना कळतात, रचना कळते. एका फाइलमध्ये त्यांनी मला दोन महिन्यांपासून न सापडलेली गोम तिथल्या तिथे दुरुस्त केली. पुढच्याच फाइलमध्ये एका यादीच्या चार ओळी उचलून भलतीकडे ठेवल्या आणि समाधानाने मान हलवली.

"असं आहे," काकू म्हणाल्या. "दहातलं सात बरोबर. डॉक्टर म्हणाले, कामात राहू दे. पण ब्रँच बदला म्हटलं की अडकतात, चिडतात, मग अख्खा दिवस वाया. म्हणून जी आपोआप उघडते ती त्यांची. कच्चं. संध्याकाळी मी बसते, सात उचलते, तीन बाजूला ठेवते. ते पक्कं."

"तुम्हाला पॅकेजिंग कोणी शिकवलं?"

"छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी. कालचं काय, आजचं काय, ते तुमच्याकडे शेजारी-शेजारी दाखवतात. तांबडी ओळ, हिरवी ओळ. जन्मभर दुसरं काय केलं? बाकीचं यांनी लोकांना लिहिलेल्या जुन्या मेल वाचून शिकले. तुमच्याही होत्या त्यात. सात."

मी मास्तरांकडे बघितलं. ते ऐकत होते.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायचा नव्हता. पाठवणीवर डिजिटल सही लागते. सही मालकाने स्वतः करायची; ती दुसऱ्याच्या हाती दिली तर सदस्यत्व जातं. हा नियम आमच्यात सगळ्यात कडक आहे. "सही कोण करतं, काकू?"

"पासवर्ड ते टाकतात. डाव्या हाताने, रोज संध्याकाळी. पाठवते मी." त्यांनी पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. "सांगितलं असतं तर तुम्ही काढून घेतली असती ना सही?"

"हो," मी म्हटलं.

"मग?"

"तरीही सांगायला हवं. तुम्ही सांगितलं नाही तर मला सांगावं लागेल. मी तीन दिवस थांबते."

हे मी त्यांच्या घरात, त्यांचा चहा पिऊन बोलले. मास्तरांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि हळू म्हणाले, "नको." हा सूर कुठला, ते मला कळलं नाही. काकूंकडे बघितलं, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

१ मार्च, रविवार

ताई घरी होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली नाही की मी तुला तेव्हाच विचारलं होतं. नुसती म्हणाली, "चल, जेवायला नेणार होतीस ना."

टेबलावर बसल्यावर ती म्हणाली, "नियम मोडला हे खरं. आणि तुझं काय खरं?"

घरी येऊन अहवाल पुन्हा उघडला.

२ मार्च, सोमवार

काकूंना तीन दिवस दिले होते. त्यांनी शनिवारीच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं, आज सकाळी पाठवलं, सगळ्यांना. झटका, सही, अकरा महिने, चारशे बारा पाठवण्या. एकही सबब नाही. शेवटी: "तुमच्या नियमाप्रमाणे जे करायचं ते करा. कच्चं ब्रँच तेवढी त्यांची त्यांना राहू द्या."

त्याच्या पाठोपाठ माझं गेलं. लिहिलं की बुधवारचा अहवाल चुकीचा आहे. सदोष काम डिफॉल्टवर होतं, कारण ती जागाच तपासण्याआधीच्या कामाची होती, आणि हे मला तीन वेळा लेखी कळवलं गेलं होतं. एकवीस दिवसांत मुद्देसूद आक्षेप आला होता; मी तो मोजला नाही, कारण मोजला असता तर थांबावं लागलं असतं. शेजारची ब्रँच न उघडता पाठवण्याचा निर्णय माझा एकटीचा. पन्नास मिनिटं लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंचंही लिहिलं. संयोजकपद सोडायची तयारी कळवली.

तासाभरात घड्याळजींनी मास्तरांची सही स्थगित केली. त्यांची मेल: "नियम नियम आहे. मला वाईट वाटतंय, तेही नोंदवून ठेवा." आणि खाली मला: "पद सोडायचं नाही. मोडलंत तुम्ही, जोडायचंही तुम्हीच."

१२ मार्च, गुरुवार

नवा प्रस्ताव पाठवला. कारकूनला रजा दिली, हा हाताने लिहिला.

सगळ्या पॅकेजांत डिफॉल्ट ब्रँच एकच, नाव "काम". जी न विचारता उघडते तिथे कुणीही चुकावं: नवखा, दमलेला, आजारी, मी. लोकांकडे जाते ती ब्रँच वेगळी, नाव "रवाना". तिच्यावर काहीही जाण्याआधी दुसऱ्या माणसाने दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघायच्या, आणि बघणाऱ्याचंही नाव लागणार. लेटेस्ट हे नाव गेलं. पंधरा दिवस मी त्यासाठी भांडले होते. जाताना काही वाटलं नाही.

विरोध जोरात. दुप्पट काम, माणसं कुठून आणणार, हे तर माझेच जुने प्रश्न. उत्तर शोधायला बसले. गेल्या वर्षी चुकीच्या ब्रँचवर राबून निघून गेलेले नवखे किती, ते मोजलं. एकशे सहा. त्यांना एकेकाला लिहितेय: बांधायला नको, नुसतं तपासायला याल का? आजपर्यंत एकोणीस हो.

मास्तरांची त्रेसष्ट पॅकेजं तात्पुरती माझ्याकडे आहेत. सकाळी ते काम करतात, संध्याकाळी काकू काय उचलायचं ते कळवतात, सही मी करते. पहिल्या आठवड्यात काकूंच्या नजरेतून सुटलेलं मला काही सापडलं नाही. माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांना सापडलं.

३ एप्रिल, शुक्रवार

निकाल. बाजूने चव्वेचाळीस, विरुद्ध एकोणतीस. सोळा जणांनी मतच दिलं नाही.

मत द्यायलाही सही लागते. ज्या दोघांमुळे हा प्रस्ताव झाला त्यांच्यापैकी एकालाही मत नव्हतं. हे विजयाच्या मेलमध्ये लिहिलं. दोघा-तिघांना ते खटकलं. खटकू दे.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगितलं. जेवण अर्धं टाकून मशिनपाशी गेले." मी विचारलं, खूश आहेत का? "आता कामाला लागलेत. ते विचारायची गरज नाही."

मग मी म्हटलं, "काकू, सदस्यत्वासाठी अर्ज करा. तुमच्या नावाने."

"नियम मोडलेल्या माणसाला घेतील?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार? लेखी परीक्षा असते, दोन सदस्यांची शिफारस लागते. एक माझी."

"दुसरी?"

"घड्याळजींची. त्यांनी स्वतःहून दिली."

 त्या म्हणाल्या, "परीक्षेला अभ्यासक्रम कुठे मिळेल?"

१ मे, शुक्रवार

परीक्षा झाली, समितीत दोघांनी हरकत घेतली, त्यावर तीन आठवडे गेले. काल संमती आली. आज दुपारी काकूंनी स्वतःच्या सहीने पहिलं पॅकेज पाठवलं. कीबोर्डचं.

त्याआधी फोन आला. आवाज बारीक. "ऐका, बदलांच्या नोंदीत नाव लिहायचंय. माझं लिहू की त्यांचं?"

"काम कुणाचं?"

"त्यांचं."

"तपासलं कुणी?"

"मी."

"मग तसंच लिहा."

पाच वाजता पॅकेज रांगेतून बाहेर पडलं. नोंद मी उघडून बघितली, आणि ताईला बोलावून दाखवली. काम केलं: खाली मास्तरांचं पूर्ण नाव. तपासलं: खाली काकूंचं पूर्ण नाव. छापखान्यातल्या एकतीस वर्षांत कुठल्याही पुस्तकावर ते छापलं गेलं नसेल, असं ताई म्हणाली. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

तासाभराने माझं एक पॅकेज काकूंकडे तपासायला गेलं. नव्या नियमाप्रमाणे मलाही दुसरी नजर लागतेच. मला वाटलं, उद्या बघतील.

साडेसहाला परत आलं. तीन चुका, प्रत्येकीखाली दोन-दोन ओळी समजावून. वाचल्या. तिन्ही खऱ्या होत्या. ताईला म्हटलं, तू जेवून घे, मला अर्धा तास लागेल, आणि बसले दुरुस्त करायला.